प्राध्यापकांना टीचिंगचं टेक कसं शिकवायचं: इंदूरच्या एका कॉलेजातली पद्धत

जुलैत कॉलेज सुरू झालं की आमच्या स्टाफरूममधून हाका सुरू होतात, प्रोजेक्टरवर काही दिसत नाहीये, गूगल क्लासरूमचा कोड चालत नाहीये, मुलं म्हणतायत नोट्स उघडतच नाहीत. इंदूरच्या एका कॉलेजात मी हे सपोर्टचं काम बघतो, त्यातून जी पद्धत बसली ती लिहितोय. नवं शिक्षण धोरण मध्य प्रदेशातल्या कॉलेजांमधे २०२१-२२ पासून आलं, यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी सेमिस्टरच्या एकूण कोर्सेसपैकी ४० टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून करून त्यांचे क्रेडिट घ्यायची सोय झाली, तेव्हापासून मुलंच सरांना ऑनलाइनचं विचारायला लागली आणि सरांना उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे हे काम आता टाळता येत नाही.

सगळ्यात आधी, वर्कशॉप ठेवू नका. मी पहिल्यांदा ठेवलं होतं, दोन दिवस, पूर्ण स्टाफ, सात सॉफ्टवेअर, चहा-पोहे सगळं छान, आणि महिन्याभराने बघितलं तर त्यातलं एकही कोणी वापरत नव्हतं. चूक माझी होती, मी सॉफ्टवेअर शिकवत होतो आणि त्यांना पुढच्या मंगळवारचं लेक्चर घ्यायचं होतं. म्हणून आता मी स्टाफरूममधे बसतो आणि एवढंच विचारतो की मॅडम, पुढच्या आठवड्यात काय शिकवणार, त्यात मुलं कुठे अडतात? कोणाला आलेख दाखवायचा असतो, कोणाला नुसती अटेंडन्स आणि असाइनमेंट एका जागी हवी असते. जे उत्तर येईल तेवढंच शिकवायचं. आमचे गणिताचे एक सीनियर सर फळ्यावरच शिकवतात आणि फार सुंदर शिकवतात, त्यांना मी फक्त फळ्याचा फोटो नीट स्कॅन करून पीडीएफ करायला शिकवलं, मुलांना तेच पाहिजे होतं.

मग पूर्ण कॉलेजसाठी एकच जागा ठरवा. मुलाला पाच विषय आणि पाच ॲप असं झालं की तो कुठलंच बघत नाही. मूडल, म्हणजे नोट्स, असाइनमेंट, टेस्ट एका जागी ठेवायचं सॉफ्टवेअर, चांगलं आहे, २००२ पासून आहे, फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे, पण सर्व्हर लागतो आणि अपडेट, बॅकअप बघायला एक माणूस लागतो. तो नसेल तर गूगल क्लासरूम घ्या, उगाच मोठं काही घेऊन बसू नका.

ट्रेनिंग कम्प्युटर लॅबमधे न देता ज्या खोलीत लेक्चर होतं त्याच खोलीत द्या, त्याच प्रोजेक्टरवर, त्यांच्याच लॅपटॉपवर. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए असतं आणि नव्या लॅपटॉपला एचडीएमआय, तर कन्व्हर्टर त्या खोलीच्या टेबलाला बांधूनच ठेवा. पडद्यावर काही येत नसेल तर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून डुप्लिकेट निवडायचं, एवढं एक पाठ झालं की अर्धे फोन बंद होतात. आणि माउसला हात लावायचा नाही! हे सगळ्यात अवघड आहे, मला अजूनही हात मागे बांधून उभं राहावं लागतं. आपण करून दिलं की दोन मिनिटात होतं, पण उद्या परत फोन येतो. त्यांनी केलं की वीस मिनिटं लागतात आणि मग फोन येत नाही.

आता खरी अडचण, जी कुठल्या मॅन्युअलमधे सापडत नाही. इकडे हिंदी मीडियमचे पेपर आणि नोट्स वर्षानुवर्षं कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टमधे टाइप झालेत. रामबागेत राहणाऱ्या अर्थशास्त्राच्या आमच्या मॅडम माझ्याशी मराठीतच बोलतात, त्यांनी एक दिवस रडकुंडीला येऊन सांगितलं, अरे बाळा, माझे सगळे प्रश्न गूगल फॉर्ममधे टाकले तर इंग्रजी अक्षरांचा कचरा झाला. होणारच, कारण कृतिदेवमधे आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो, फॉन्ट नसला की रूप गेलं. जुनं मटेरियल फॉन्ट कन्व्हर्टरमधून युनिकोडमधे, म्हणजे कुठल्याही फोनवर देवनागरीच दिसेल अशा अक्षरांमधे काढायचं, पण इंग्रजी शब्द आधी बाजूला काढून, नाहीतर तेही बदलतात, आणि नंतर र्‍हस्व वेलांटी आणि रफार एकेक करून तपासायचे, मोडतात ते तिथेच. नवीन टाइप करायला ज्यांचा हात कृतिदेववर बसलाय त्यांना इनस्क्रिप्ट हा वेगळा कीबोर्ड शिकायला लावू नका, जुन्या टाइपरायटरसारखा रेमिंग्टन गेल लेआउट टाकून द्या, बोटं जवळपास तिथेच पडतात आणि अक्षरं युनिकोडमधे येतात. टायपिंगच येत नसेल तर गूगल डॉक्समधे व्हॉइस टायपिंग आहे, हिंदी आणि मराठी दोन्ही चालतं. मॅडमनी पूर्ण युनिट बोलून लिहिलं, अजून तेच वापरतात.

काहीही अपलोड झालं की ते मुलाच्या नजरेने उघडून बघायला लावा, म्हणजे दुसऱ्या अकाउंटने, मोबाइलवर, वायफाय बंद करून. सरांच्या लॅपटॉपवर सगळं उघडतंच, फाइल त्यांचीच असते ना, आणि सांवेरहून येणाऱ्या मुलाला परमिशन मागा असा मेसेज दिसतो. शेअरिंग कॉलेजच्या आयडीपुरतं असेल आणि मूल घरच्या जीमेलने उघडत असेल तर हेच होतं. तासाभराचा व्हिडिओ टाकू नका, दहा दहा मिनिटांचे तुकडे करा, डेटा मुलाच्या खिशातून जातो.

सपोर्टसाठी एकच नंबर ठेवा आणि एक वही. प्रत्येक फोन लिहा, खोली, अडचण, काय केलं. महिन्यात तीच अडचण तिसऱ्यांदा आली तर तिचा दोन मिनिटांचा स्क्रीन रेकॉर्डिंग करून ग्रुपवर टाका, त्यांच्याच भाषेत बोलून. पहिल्या लेक्चरच्या आधी दहा मिनिटं वऱ्हांड्यात उभे राहा, तुम्ही दिसलात की लोक धीर करून नवं वापरतात. पासवर्ड आणि ओटीपी कोणी कितीही विश्वासाने सांगितला तरी घ्यायचा नाही, त्यांनाच टाकू द्या.

आणि हे सेमिस्टरच्या सुरुवातीलाच करा: प्रत्येक ऑनलाइन क्लासमधे एक सह-शिक्षक जोडून ठेवा आणि इंटर्नलचे मार्क्स दर महिन्याला शीटमधे उतरवून विभागाच्या ड्राइव्हवर ठेवा. आमच्याकडे एका मॅडमची मधेच बदली झाली, क्लास त्यांच्या खासगी आयडीवर होता, आणि पूर्ण वर्गाच्या असाइनमेंट मिळवायला आम्हाला तीन आठवडे लागले.