निमंत्रणात ♿ हे चिन्ह टाकण्यापूर्वी

फोनवर निळ्या चौकोनात पांढऱ्या रेषांनी काढलेले ♿ हे इमोजी अनेक जण ‘दिव्यांग व्यक्ती’ या अर्थाने वापरतात. मुळात मात्र ते माणसाविषयी नसून जागेविषयी आहे. येथे व्हीलचेअर घेऊन येता येते आणि आत वावरता येते, एवढेच ते सांगते. सुझान कोएफोड या डॅनिश विद्यार्थिनीने १९६८ मध्ये या चिन्हाचा आराखडा केला तेव्हा त्यात नुसती रिकामी खुर्ची होती. नंतर कार्ल मोंटान यांनी तिच्यावर एक वर्तुळ जोडले आणि खुर्चीला डोके आले. आपला घोटाळा बहुधा त्या डोक्यामुळेच होत असावा.

माणसाविषयी बोलायचे असेल, तर त्यासाठी वेगळी इमोजी आहेत. हाताने चालवायची आणि मोटरवर चालणारी अशा दोन्ही प्रकारच्या व्हीलचेअर आणि त्यांत बसलेल्या व्यक्ती २०१९ मध्ये इमोजींच्या संचात आल्या. आपण स्वतः व्हीलचेअर वापरत असाल, तर ‘निघालो’ या शब्दापुढे 🧑‍🦽 शोभेल. सभागृहाच्या पत्त्यापुढे मात्र ♿ हवे.

हे चिन्ह पत्त्यापुढे टाकणे म्हणजे येणाऱ्याला शब्द देणे होय, हे मी स्वतः चूक करून शिकलो. एका कार्यक्रमाच्या निमंत्रणात, इमारतीला लिफ्ट आहे एवढ्या भरवशावर मी ते टाकले. प्रत्यक्षात लिफ्टपर्यंत पोहोचण्याआधीच दोन पायऱ्या होत्या, आणि निमंत्रण वाचून आलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांना चार जणांनी खुर्चीसकट उचलून आत न्यावे लागले. ते काही बोलले नाहीत, पण परतताना त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची किती घट्ट धरली होती, ते मला दिसले.

तेव्हापासून चिन्ह टाकण्यापूर्वी मी मोजपट्टी घेऊन जागेवर जातो. रस्त्यापासून आसनापर्यंत स्वतः चालत जावे आणि वाटेतली प्रत्येक पायरी, उंबरठा आणि गटाराची जाळी टिपून घ्यावी. उतार असल्यास त्याची लांबी उंचीच्या निदान बारा पट असावी, हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी मानले जाते. म्हणजे सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्यांसाठी बारा फूट उतार लागतो. दोन पायऱ्यांवर टेकवलेली तीन फुटी फळी पाहून कोणी ‘रॅम्प आहे’ असे म्हणाले, तरी त्यावर विसंबू नये. दाराची मोकळी रुंदी सुमारे ९० सेंटिमीटर भरावी, आणि ती दार पूर्ण उघडून मोजावी, कारण चौकटीच्या मापात दाराची जाडी धरलेली नसते. स्वच्छतागृह हमखास विसरले जाते. खुर्ची आत जाते, पण वळत नाही आणि दार लागत नाही, असा प्रकार अनेक ठिकाणी आढळतो. तसे असेल तर ते निमंत्रणातच लिहावे.

एकटे चिन्ह अपुरे पडते, म्हणून त्यापुढे पूर्ण वाक्य द्यावे. उदाहरणार्थ: ‘♿ सभागृह तळमजल्यावर आहे, उतार मागील फाटकाने आहे, व्हीलचेअर जाईल असे स्वच्छतागृह नाही.’ असे लिहिल्याने कमीपणा येत नाही, उलट येणाऱ्याला आधीच ठरवता येते. दृष्टिहीन वाचकांचा फोन इमोजीचे नाव मोठ्याने वाचतो, त्यामुळे ♿♿♿ असे तीनदा टाकल्यास त्यांना तेच नाव तीनदा ऐकावे लागू शकते. शब्दाच्या जागी चिन्ह ठेवल्यास वाक्यच तुटते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिलेले आहेत. त्यामुळे खुणांच्या भाषेचा दुभाषी किंवा ब्रेलमधील कार्यक्रमपत्रिका अशी सोय केली असेल, तर ती या एका खुर्चीत न कोंबता स्वतंत्रपणे नोंदवावी.

ऑनलाइन खेळांच्या गप्पांत हेच चिन्ह ‘तुला खेळता येत नाही’ असा टोमणा म्हणून फेकले जाते. आपल्या गटात कोणी तसे केल्यास ते थट्टा म्हणून सोडून देऊ नये. खासगीत एक संदेश पाठवून ते काढायला सांगावे.

कार्यक्रमाच्या सकाळी लिफ्ट बंद पडल्याचे कळले, तर जुन्या संदेशातील चिन्ह काढून टाकावे, तसा नवा संदेश गटावर पाठवावा आणि ज्यांनी त्या चिन्हाच्या भरवशावर येण्याचे कळवले आहे त्यांना स्वतः फोन करावा.