कुत्र्याचं पोट बिघडलं तर घरी काय करावं, आणि घरी कधी थांबू नये

डिसेंबरात अमळनेर तालुक्यातल्या आमच्या शेतात भरीत-पार्टी झाली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून ठेचली. जोडीला पुऱ्या आणि कळण्याची भाकरी होती. जेवणं झाल्यावर पत्रावळींवर उरलेलं सगळं मोत्यानं चाटूनपुसून खाल्लं, आणि आम्ही ते कौतुकानं पाहत बसलो. पहाटे ओट्यावर पिवळ्या फेसाच्या तीन उलट्या होत्या आणि तो कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. आईचा जीव कळवळला. "उपाशी से रे तो, तेले थोडं दूध दे," म्हणाली. मी वाटीभर दूध ठेवलं. तासाभरात उलटी थांबायची राहिली बाजूलाच, जुलाबही सुरू झाले.

त्या वाटीभर दुधानं मला जे शिकवलं तेच इथे लिहितोय. आपल्या खान्देशात माया म्हणजे खाऊ घालणं. पण बिघडलेल्या पोटाला पहिल्यांदा हवी असते विश्रांती, मग पाणी, आणि अन्न सगळ्यात शेवटी. हा क्रम सांभाळला तर साधं बिघडलेलं पोट बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत ताळ्यावर येतं.

आधी ठरवा: हे घरचं काम आहे का?

भांडं हातात घेण्यापूर्वी पाच मिनिटं कुत्र्याजवळ बसा. एकदोनदा उलटी झाली, शी पातळ आहे, पण तो हाक मारल्यावर शेपूट हलवतो, उठून येतो, पाणी पितो, तर घरी सांभाळता येईल. खाली सांगितलेलं काहीही दिसलं तर मात्र पुढचं वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

उलटीत किंवा शीत रक्त, किंवा डांबरासारखी काळी चिकट शी. पाणीसुद्धा पोटात न टिकणं. पोट ढोलासारखं फुगलंय आणि तो ओकाऱ्या काढतोय पण बाहेर काहीच पडत नाही, असं असेल तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत हे जास्त होतं आणि यात काही तासांत जीव जातो. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरून तो पुन्हा पुन्हा तसाच थांबत असेल, तर पोटात जोराची कळ आहे. तेलकट तर्रीची शेवभाजी किंवा तळण खाल्ल्यावर स्वादुपिंडाला सूज आली की कुत्री अशी उभी राहतात.

पिल्लू सहा महिन्यांच्या आतलं असेल, कुत्रा म्हातारा असेल किंवा कुत्री गाभण असेल, तर वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं. लस न दिलेल्या पिल्लाला उलट्या आणि घाण वासाचे, रक्ताचे जुलाब लागले तर पार्व्होची शंका धरा. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि आजही लस न दिलेली पिल्लं त्यानं दगावतात. पिल्लाच्या अंगात साठा असा नसतोच, एका दिवसात ते पाण्याविना गळून जातं.

काय खाल्लं ते शोधा

अंगण, उकिरडा, गोठा, शेताचा बांध पाहून या. पुढच्या निर्णयाला याचाच आधार असतो.

भरताचं पाहू. त्यातलं तेल आणि मिरची पोट बिघडवतेच, पण खरा धोका कांदा-लसणाचा. पात असो की कांदा, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. वाईट हे, की ते लगेच दिसत नाही. जुलाब थांबून सगळं ठीक वाटतं, आणि मग तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद लालसर होते, कुत्रा चालताना धापा टाकतो. म्हणून कांदा-लसूण बराच खाल्ला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा आणि आठवडाभर हिरड्यांवर नजर ठेवा. मनुके-बेदाणे आणि द्राक्षं मूत्रपिंडांवर घाला घालतात. शिऱ्यातले मनुके त्यातच आले. चॉकलेटही विषारीच.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत घरोघरी आमरस होतो आणि कोयी अंगणात पडतात. कुत्रं गोडीनं कोय गिळतं आणि ती आतड्यात अडकते. मग उलट्या होत राहतात, शी मात्र होत नाही. यावर घरी काहीही उपाय नाही. शिजवलेल्या कोंबडीची हाडंही तशीच, त्यांचे टोकदार तुकडे होतात.

आता शेतकऱ्याच्या घराला सगळ्यात महत्त्वाचं. कपाशीवर फवारणी चालू असेल आणि कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळतेय, उलट्या-जुलाब आहेत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, अंगाचे स्नायू थरथरतायत, तर ती विषबाधा आहे. उंदरांसाठी ठेवलेल्या विषाचंही तसंच, क्षणाचा वेळ घालवू नका. औषधाचा डबा किंवा पुडी, निदान त्यावरच्या नावाचा फोटो, सोबत न्या, कारण उतारा नावावरून ठरतो. अंगावर औषध सांडलं असेल तर हातमोजे घालून साध्या साबणानं धुवा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं, तेल किंवा ताक घशात ओतणं हे प्रकार गावोगाव चालतात. कृपा करून करू नका. ओतलेलं तेल श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसं भरतात आणि विषानं नसता मेला तो कुत्रा त्यानं मरतो.

आणखी एक. लाळ गळतेय, घास-पाणी गिळता येत नाही, आवाज बदललाय, वागणं विचित्र झालंय, अशा कुत्र्याच्या घशात हाड अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालायचा नाही. ती पिसाळण्याची लक्षणं असू शकतात. त्याला बंद खोलीत ठेवा, घरच्यांना दूर करा आणि डॉक्टरांना बोलवा.

अंगात पाणी किती आहे?

हे तपासायला पैसा लागत नाही. ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. हिरडी ओलसर, निसरडी लागायला हवी. बोटाला चिकट लागली तर पाणी कमी पडलंय. मोत्याच्या हिरड्या काळ्या आहेत, त्यांवर रंग कळत नाही, म्हणून मी त्याची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहतो. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडा, ती चटकन जागेवर बसली पाहिजे. म्हाताऱ्या आणि हडकुळ्या कुत्र्यांची कातडी एरवीही हळू बसते, तिथे हिरडीवरच भरवसा ठेवा.

ताप हात लावून किंवा नाक पाहून कळत नाही. डिजिटल थर्मामीटरला थोडं खोबरेल लावून गुदद्वारात घाला. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान. १०३.५ च्या वर किंवा ९९ च्या खाली गेलं तर दवाखाना. तो थर्मामीटर कुत्र्याचाच ठेवा.

पहिले बारा तास

उलट्या होत असतील तर धडधाकट मोठ्या कुत्र्याला बारा तास अन्न देऊ नका. नुसते जुलाब असतील तर इतकं उपाशी ठेवायची गरज नाही, एखादं जेवण टाळलं तरी पुरे. पिल्लाला मात्र उपाशी ठेवायचंच नाही.

अन्न बंद म्हणजे पाणी बंद नव्हे. फक्त शेवटच्या उलटीनंतर तासभर थांबा. मग मोठं भांडं उचलून ठेवा, कारण तहानलेला कुत्रा घटाघटा पितो आणि सगळं परत बाहेर टाकतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन चमचे पाणी वाटीत द्या. दोन तास टिकलं की अर्धी वाटी, मग हळूहळू पूर्ववत. निरोगी कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली पाणी लागतं, म्हणजे १५ किलोच्या गावठी कुत्र्याला साडेसातशे ते नऊशे मिली. जुलाबात त्याहून जास्त.

जुलाब जास्त असतील तर जलसंजीवनी द्या. बाजारातलं पाकीट त्यावर लिहिल्याप्रमाणे पाण्यात मिसळा, किंवा घरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. 'शुगर-फ्री' लिहिलेलं काहीही देऊ नका, त्यात साखरेऐवजी झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याला विष आहे. साधं पाणीही शेजारी असू द्या, त्याला जे प्यावंसं वाटेल ते तो पिईल. पीत नसेल तर जबरदस्तीनं ओतू नका. पीतच नसेल तर त्याला सलाईन लागणार आहे, हे समजून निघा.

या वेळात घरातल्या प्रत्येकाला, सालदाराला, शेजारच्या पोरांना निक्षून सांगा की कुणी काही टाकायचं नाही. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी कुणीतरी मायेनं अर्धी पुरी दिली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

आपल्या औषधाच्या डब्याला हात लावू नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन या माणसांच्या साध्या गोळ्या कुत्र्याचं यकृत, पोट, मूत्रपिंडं खराब करतात. जुलाब थांबवायची गोळी विष आणि जंतू आतच कोंडून ठेवू शकते. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिकही देऊ नका.

मग मऊ भात

बारा तास उलटी झाली नाही तर पहिलं अन्न. तांदूळ नेहमीपेक्षा जास्त पाणी घालून अगदी गिचका शिजवा. कोंबडीचं कातडी-हाड काढलेलं मांस नुसत्या पाण्यात उकडा, बोटांनी बारीक तंतू करा. दोन वाट्या भाताला एक वाटी मांस. मीठ नाही, हळद नाही, फोडणी नाही, तूप तर नाहीच. आईला हे 'बेचव' अन्न फार जड गेलं, पण फोडणी ही आपली गरज आहे, कुत्र्याची नाही. मांस न शिजवणाऱ्या घरात उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग किंवा कमी चरबीचं पनीर चालतं. गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, साल-बिया काढून उकडून एक-दोन चमचे कालवला तर शी बांधून यायला मदत होते. दूध नको. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, मोत्याचे जुलाब त्यानंच वाढले.

पहिला घास दोन-तीन चमच्यांचा. दोन तास थांबा. टिकला तर नेहमीच्या जेवणाच्या पाव हिश्श्याएवढं, दिवसातून चार-पाच वेळा. खाऊन पुन्हा उलटी झाली, किंवा चोवीस तासांत उलट्या थांबल्या नाहीत, किंवा जुलाब अठ्ठेचाळीस तासांपुढे गेले, तर घरचा प्रयत्न संपला.

मे महिन्यात वेगळा विचार

जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा उलटी-जुलाब हे उष्माघाताचंही लक्षण असतं. जोराची धाप, गडद लाल हिरड्या, झोकांड्या, अंग भट्टीसारखं. अशा वेळी भात-पाण्याचं गणित सोडा. सावलीत घ्या, साध्या पाण्यानं पोट, काखा, पाय भिजवा, पंखा लावा आणि भिजलेल्या अंगानंच दवाखान्याकडे निघा. बर्फात बुडवू नका.

दवाखान्यात जाताना

शीचा फोटो मोबाइलवर काढा, शक्य असेल तर स्वच्छ बाटलीत नमुना घ्या. लसीचं कार्ड, अंदाजे वजन, किती वाजता किती उलट्या झाल्या ते कागदावर. जंताचं औषध शेवटचं कधी दिलं, अंगावर गोचीड आहेत का, हेही सांगा, कारण गोचीड तापातही कुत्रं खाणं सोडतं. मोटारसायकलवर नेणार असाल तर मागे बसणाऱ्यानं त्याला चादरीत गुंडाळून धरावं, पोटावर दाब येऊ देऊ नये. गावात डॉक्टर नसेल तर पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर विचारा.

साफसफाई आणि परत भाकरीकडे

शी हातमोजे घालून उचला, नंतर साबणानं हात धुवा, लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवा. पार्व्होची शंका असेल तर फरशीवर एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी दहा मिनिटं राहू द्या. मातीत हा विषाणू कित्येक महिने टिकतो, म्हणून त्या अंगणात लस पूर्ण न झालेलं नवं पिल्लू आणू नका. पिल्लाची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालते.

शी एक दिवस बांधून झाली की नेहमीचं अन्न सुरू करा, पण टप्प्यानं. पहिल्या दिवशी पाव हिस्सा नेहमीचं आणि बाकी मऊ भात, मग निम्मं-निम्मं, मग पाऊण. मोत्याला चौथ्या दिवशी मी ज्वारीच्या भाकरीचा तळहाताएवढा तुकडा कोमट पाण्यात भिजवून दिला. त्यानं तो हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि खाल्ला. संध्याकाळी बांधावर जाऊन शी पाहिली, घट्ट होती. सहाव्या दिवशी त्याला अख्खी भाकरी मिळाली.