बुटांच्या खोक्यातली रूकी कार्डं: किंमत लावताना या चुका टाळा

न्यू जर्सीत उन्हाळा लागला, गॅरेज सेल सुरू झाले की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. कुणाला तरी बुटांचा जुना खोका मिळालेला असतो, आत १९८८ ते ९१ची, खेळाडूंच्या फोटोंची बेसबॉल कार्डं खच्चून भरलेली, आणि खाली एकच प्रश्न: "दादा, याचे किती येतील?" विचारणारी मंडळी बहुतेक आपलीच, पोरगं लिटल लीगमध्ये खेळायला लागलं म्हणून या नादाला लागलेली. माझं उत्तरही ठरलेलं: खोका दहा डॉलरला घेतला असेल तर पोराला पत्त्यांसारखा खेळायला द्या.

इथेच पहिली चूक होते. जुनं म्हणजे महाग, असं आपण धरून चालतो. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते ९०च्या सुरुवातीपर्यंत कंपन्यांनी कार्डं अक्षरशः पोत्यांनी छापली, आणि लोकांनीही 'पुढे पैसा होईल' म्हणून ती जपून ठेवली. सगळ्यांनीच जपली, म्हणून कुणालाच दुर्मीळ राहिली नाहीत. त्या काळाला इथे 'जंक वॅक्स' (मेणकागदी पाकिटांतली रद्दी) म्हणतात ते उगाच नाही. टॉप्स कंपनीच्या १९५२च्या कार्डांचं उलट झालं. पोरांनी ती सायकलच्या चाकात अडकवली, आयांनी घर आवरताना फेकली, आणि न खपलेला माल कंपनीनेच पुढे समुद्रात बुडवला, असं कंपनीचे साय बर्जर सांगत. त्यातलंच यांकीज संघाच्या मिकी मँटलचं ३११ क्रमांकाचं कार्ड, अवस्थेसाठी दहापैकी ९.५ श्रेणी मिळालेलं, ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

आणि गंमत म्हणजे ते मँटलचं रूकी कार्ड, म्हणजे नवखेपणाच्या वर्षाचं कार्ड, नाहीच! त्याचं रूकी कार्ड त्याच्या आदल्या वर्षीचं, १९५१च्या बोमन मालिकेतलं, क्रमांक २५३. म्हणजे 'रूकी असेल तरच भाव' हे खरं नाही. 'पहिलं कार्ड म्हणजे रूकी' हेही नेहमी खरं नसतं.

हा घोळ नव्या कार्डांत जास्त होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. २००६पासून खेळाडू मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, उतरला की मगच त्याच्या कार्डावर 'आरसी' अशी रूकीची खूण छापतात. पण बोमन ही मालिका त्याच्या कितीतरी आधी, पोरगा खालच्या पातळीच्या मायनर लीगमध्ये घाम गाळत असतानाच त्याचं कार्ड काढते. माइक ट्राउटचं अधिकृत रूकी कार्ड २०११च्या टॉप्स अपडेटमधलं, क्रमांक यूएस १७५. पण २०२०मध्ये ३९ लाख डॉलरच्या पुढे गेलं ते त्याचं २००९चं बोमन क्रोम, सहीचं आणि जगात एकच असलेलं. जपानी खेळाडू ओहतानीची अमेरिकन रूकी कार्डं २०१८ची, जपानमधली २०१३ची. तेव्हा विकणारा 'रूकी' म्हणाला की आधी विचारायचं: कुठल्या वर्षाचं, कुठल्या मालिकेचं, क्रमांक काय, आणि साधं की पॅरलल (तेच कार्ड, पण वेगळ्या रंगाच्या आवृत्तीतलं)? ट्राउटच्या त्याच यूएस १७५ची सोनेरी आवृत्ती २०११ प्रतींचीच आहे. साध्या कार्डाला तिचा भाव लावलात तर फसलात.

होतकरू पोरांवर पैसे लावणाऱ्यांना मी ब्रायन टेलरचं नाव सांगतो. १९९१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, यांकीजनी पहिल्याच क्रमांकावर घेतलेला पिचर (चेंडू टाकणारा). १९९३मध्ये एका भांडणात खांदा गेला आणि तो मेजर लीगमध्ये कधी पोचलाच नाही. १९९२च्या टॉप्समधलं त्याचं कार्ड तेवढं उरलं. फटकेबाज मार्क मॅकग्वायरचं १९८५चं टॉप्स कार्ड दुसऱ्या तऱ्हेचं. १९९८च्या होमरनच्या धमाक्यात आभाळाला भिडलं, आणि स्टेरॉइडचं प्रकरण आल्यावर खाली आलं. भाव वर असताना हातात असेल तर विकून टाकावं, हे माझं मत. घरच्यांना पटत नाही.

ऑनलाइन भाव बघताना चालू जाहिराती बघूच नका. कुणी साध्या कार्डाला पाच हजार लिहिले तर ती त्याची इच्छा झाली, भाव नव्हे. ईबेवर 'सोल्ड आयटम्स' लावा आणि निदान पाच-सहा अलीकडच्या विक्री बघा, सगळ्या त्याच श्रेणीच्या. त्यातही एक मेख आहे. घासाघीस होऊन विकलेल्या मालाची मागितलेली किंमत तिथे काट मारून दिसते, प्रत्यक्ष मिळालेली दिसत नाही.

श्रेणीचा फरक किती? केन ग्रिफी ज्युनियरचं अपर डेक कंपनीचं १९८९चं कार्ड, क्रमांक १ घ्या. कार्डं तपासून श्रेणी देणाऱ्या एकट्या पीएसए कंपनीने लाखाच्या आसपास प्रती तपासल्यात आणि १० मिळालेल्या चार हजारांहून जास्त आहेत. तरी १०वाल्याला हजारांत मोजतात आणि तपासून सीलबंद डबीत न बसवलेलं, 'रॉ' कार्ड शंभराच्या आत मिळतं. म्हणून तपासणीला पाठवण्याआधी कार्ड भिंगाखाली धरा. कोपरे टोकदार हवेत, कडा पांढऱ्या पडलेल्या नकोत, चारही बाजूंच्या पट्ट्या जवळपास सारख्या हव्यात. ८च मिळणार असेल तर फी अंगावर येते. यांकीजच्या डेरेक जीटरचं १९९३च्या एसपी मालिकेतलं कार्ड तर इतकं नाजूक की माझ्या कार्डाची कड नुसतं कव्हरमध्ये घालताना उडाली.

पण डबीत बसलं म्हणजे निर्दोष, असंही नाही. पीएसएने अगदी सुरुवातीला ८ दिलेलं टी-२०६ या जुन्या सिगारेट-कार्डांच्या मालिकेतलं होनस वॅग्नर या खेळाडूचं कार्ड १९९१मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि भागीदाराने ४,५१,००० डॉलरला घेतलं होतं. २०१३मध्ये लिलावदार बिल मास्त्रोने कबूल केलं की कार्डाच्या कडा आपणच कापल्या होत्या. आपल्यासारख्यांनी डबीवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळवावा, आणि सुटं कार्ड असेल तर सरळ मोजपट्टी काढावी. १९५२चं अस्सल टॉप्स २⅝ बाय ३¾ इंच असतं. १९८३चं पुनर्मुद्रण २½ बाय ३½ इंच. पाव इंचाने तुमचं घर वाचतं.

साठवणीचं थोडक्यात: रबरबँड नाही, जुनी पीव्हीसीची पानं नाहीत, आधी पातळ कव्हर आणि मग टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकची खोळ. पुण्या-मुंबईला नेणार असाल तर पावसाळ्याचा विचार करा. क्रोमची चकचकीत कार्डं दमट हवेत केळीच्या सालीसारखी वळतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, वळलेलं कार्ड टॉपलोडरमध्ये घालून जड पुस्तकांखाली काही दिवस राहू द्या. इस्त्री नको. ठाण्याच्या एका काकांनी सुती कपडा ठेवून फिरवली होती. नातवाचं ओहतानी त्या कपड्यालाच चिकटून आलं.