ब्राउझरची झाडाझडती घ्यायची तर सुरुवात कुठून करायची?

मोबाईलवर मधेच "तुमच्या फोनमध्ये 5 व्हायरस सापडले" असं काहीतरी टपकतं ना, तो बऱ्याचदा व्हायरस वगैरे नसतोच, भरतीची जाहिरात नाहीतर निकाल बघताना कुठल्यातरी साइटने नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मागितली आणि आपण घाईत अलाउ दाबून मोकळे झालो, त्याचा हा प्रसाद. अँटिव्हायरस शोधत बसू नका. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथली यादी वाचा, ओळखीची नसेल ती साइट ब्लॉक. आणि वरचं मेन बटणच बंद करा म्हणजे पुढे कोणी विचारणारच नाही. माझं कायम बंद असतं, काही अडत नाही. तिथंच आहात तर लोकेशन, कॅमेरा, माइक पण बघून घ्या.

आता कॉम्प्युटरवर या, कारण खरी गडबड एक्स्टेंशनमध्ये, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या टूल्समध्ये असते. तीन ठिपके, एक्स्टेंशन्स, मॅनेज एक्स्टेंशन्स. एकेकाचं डिटेल्स उघडा. "सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचणं आणि बदलणं" अशी परवानगी दिसली तर समजा की तुम्ही मेलमध्ये काय टाइप करता ते पण त्याला दिसू शकतं, पीडीएफ जोडायच्या किंवा स्क्रीनशॉट काढायच्या टूलला एवढं कशाला पाहिजे? काढून टाका, नाहीतर साइट अ‍ॅक्सेसमध्ये "ऑन क्लिक" करा, म्हणजे तुम्ही क्लिक केल्याशिवाय ते साइटमध्ये डोकावणार नाही. आधी चांगलं होतं म्हणून आज चांगलं असेलच असं पण नाही, द ग्रेट सस्पेंडर हे एक्स्टेंशन लाखो लोक वापरायचे, 2020 मध्ये ते दुसऱ्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये मालवेअर म्हणून गूगलला ते काढावं लागलं.

थर्ड पार्टी कुकीज, म्हणजे तुम्ही उघडलेल्या साइटशिवाय दुसऱ्याच कोणीतरी तुमचा माग काढायला ठेवलेल्या छोट्या फाइली, सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जाऊन ब्लॉक करा. सफारीत 2020 पासून आपोआप ब्लॉक आहेत. क्रोममधून पण काढणार असं गूगलने त्याच वर्षी जाहीर केलं होतं, मग तारीख पुढे ढकलत ढकलत शेवटी बेतच गुंडाळला, त्यामुळे हे काम आपल्यालाच करायचंय. एखादं लॉगिन अडलं तर तेवढ्या साइटला सूट द्या. त्याच भागात सिक्युरिटीमध्ये "ऑलवेज युज सिक्युअर कनेक्शन्स" चालू करा. साइटच्या पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर मात्र विसंबू नका, कुलूप म्हणजे वाटेत कोणी वाचत नाही एवढंच, पलीकडे बसलेला चोर आहे की बँक ते कुलूप सांगत नाही, फसव्या साइटना पण ते मिळतं, क्रोमने तर 2023 मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

अपडेट आलं की रीलाँच करा, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

झेरॉक्सच्या दुकानात आधारची प्रिंट काढायला आपण जीमेल उघडतो, आणि घाईत त्या क्रोमला आपलं अकाउंट कायमचं जोडून येतो. पासवर्ड सेव्ह असतील तर ते पण तिकडे जाऊ शकतात. आत्ताच गूगल अकाउंटमध्ये सिक्युरिटी, युअर डिव्हाइसेस बघा, अनोळखी कॉम्प्युटर दिसला की साइन आउट करा आणि पासवर्ड बदला. पुढच्या वेळी तिथे इनकॉग्निटो उघडा आणि निघताना सगळ्या विंडो बंद करा. इनकॉग्निटोचा उपयोग एवढाच, त्या कॉम्प्युटरवर हिस्टरी राहत नाही, पण इंटरनेटवाल्याला आणि ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळतंच.

हे सगळं झालं की इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनची कव्हर युअर ट्रॅक्स ही फुकटची टेस्ट मारा. स्क्रीनचा साइज, टाइमझोन, फॉन्ट, भाषा असल्या बारीकसारीक गोष्टी जोडून कुकीशिवायही तुम्हाला कसं ओळखता येतं ते ती दाखवते. ब्राउझरची भाषा मराठी ठेवली असेल तर आपण गर्दीत अजूनच उठून दिसतो. त्यासाठी मराठी काढायची काही गरज नाही, ब्रेव्ह नावाच्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये हीच टेस्ट परत मारून बघा, तो यातली बरीच माहिती मुद्दाम बदलत राहतो.