गोव्यातून ईटा कॅरिनी आणि तिच्या तेजोमेघाचा फोटो कसा काढावा

ईटा कॅरिनी म्हटलं की लोकांना वाटतं हे ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेवाल्यांचं काम, आणि मग मृग नक्षत्रातला तेजोमेघ काढून झाला की सगळे तिथेच थांबतात. पण दक्षिण गोव्यातलं काणकोण आहे १५ अंश अक्षांशावर, म्हणजे तिथून हा तारा बरोब्बर दक्षिणेला आला की क्षितिजाच्या १५ अंश वर असतो, हात लांब करून मूठ धरली तर दीड मूठ. पुण्यातून तो १२ अंशही चढत नाही. एवढ्या उंचीवर चांगला फोटो येतो, आणि त्याला दुर्बीण लागत नाही, साधा डीएसएलआर आणि १३५ मिमीची लेन्स पुरते.

आधी काय काढतोय ते नीट समजून घ्या, कारण इथे दोन तेजोमेघ आहेत. ईटा कॅरिनी हा जोडतारा, सुमारे ७५०० प्रकाशवर्षं लांब, मोठा तारा सूर्याच्या ९० पटीच्या आसपास वस्तुमानाचा आणि जोडीदार ३० पटीच्या. दोघं साडेपाच वर्षांत एक फेरी मारतात आणि कक्षा इतकी लांबट की सगळ्यात जवळ येतात तेव्हा त्यांच्यातलं अंतर सूर्य ते मंगळ एवढंच उरतं. १८३७ मध्ये हा तारा एकाएकी तेजाळायला लागला, १८४३ मध्ये तर व्याध सोडला तर आकाशात त्याच्याहून तेजस्वी तारा नव्हता, मग तो मंदावत गेला. त्या स्फोटात जो वायू आणि धूळ बाहेर पडली तो होमंक्युलस तेजोमेघ, तो ताऱ्याला अगदी चिकटून आहे, आपल्या लेन्समधून तो वेगळा दिसणार नाही, एक नारिंगी ठिपका दिसेल. आणि हे सगळं ज्याच्या पोटात आहे तो मोठा कॅरिना तेजोमेघ, एनजीसी ३३७२, दोन अंश रुंद, म्हणजे चार पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर जेवढे होतील तेवढा. आपला फोटो मुख्यतः याचा. पण तो नारिंगी ठिपका जपायचा आहे हे शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

कधी

चंद्र नसलेली रात्र हवी. महाशिवरात्र अमावास्येच्या अगदी तोंडावर येते आणि गुढीपाडवा अमावास्या संपल्या संपल्या, त्यामुळे या दोन सणांच्या आसपासच्या रात्री कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा, शिगम्यातली पौर्णिमा सोडून द्या. मार्चच्या सुरुवातीला तारा रात्री साडेबाराच्या सुमारास दक्षिणेला येतो, एप्रिलच्या सुरुवातीला साडेदहाला, १ मे ला पावणेनऊला. त्या वेळेच्या एक तास आधी ते एक तास नंतर तो १४ अंशांच्या वरच असतो, मुख्य शूटिंग याच दोन तासांत उरका. मी मार्चच धरतो, कारण एप्रिलच्या शेवटाकडे हवेत दमटपणा आणि धुरकट वाढत जातं.

कुठे

यात सगळ्यात जास्त डोकं लावा. आपला किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना थोडा पूर्वेला कलत जातो, म्हणून समुद्रात घुसलेल्या भूशिरावर उभं राहिलं की नेमक्या दक्षिणेला उघडा समुद्र मिळतो. काब द राम किल्ल्याच्या बाजूचा सडा याला एकदम योग्य, कारवारचा उजेड तिथून आग्नेयेला राहतो म्हणजे फ्रेमच्या डावीकडे बाहेर. किल्ल्याच्या आत रात्री जायचा हट्ट नको, बाहेरची मोकळी जागा दिवसा जाऊन बघून ठेवा, कडा कुठे संपतो ते उजेडातच कळतं, आणि जागा कोणाची असेल तर विचारून घ्या. आगोंद आणि गालजीबागच्या वाळूत मात्र ट्रायपॉड लावू नका, तिथे याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि उजेडाने ती बिथरतात, पिल्लं तर उजेडाच्या दिशेने भलतीकडे चालत जातात. फोटो दुसरीकडूनही निघतो.

शोधायचा कसा

दक्षिणेकडे तोंड करा. डावीकडे खाली त्रिशंकू उगवलेला असेल, उजवीकडे लांब अगस्त्य. त्रिशंकूच्या उजवीकडे साधारण १२ अंशांवर आपला तेजोमेघ, अंधार चांगला असेल तर डोळ्यांनीही पुसट डाग दिसतो, बायनॉक्युलरने तर नक्कीच. त्याच्या खाली पावणेपाच अंशांवर आयसी २६०२ हा तारकागुच्छ आहे, ज्याला दक्षिणेतल्या कृत्तिका म्हणतात. क्रॉप सेन्सरवर १३५ मिमीने फ्रेम साधारण १० बाय साडेसहा अंशांची मिळते, तेव्हा कॅमेरा उभा धरा, वर तेजोमेघ खाली गुच्छ, दोन्ही मावतात आणि फोटो फार देखणा होतो.

सेटिंग

ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र, असेल तर ध्रुवाला जुळवा, पण आपल्याकडे ध्रुवही उत्तरेला १५ अंशांवरच, माड किंवा डोंगर आडवा आला की संपलं. तेव्हा फोनच्या होकायंत्राने उत्तर धरून कोन १५ अंशांवर लावा, आधी ३० सेकंदांचा एक फोटो काढून तारे गोल येतात का बघा, लांबट आले तर वेळ कमी करा. ट्रॅकर नसला तरी निराश होऊ नका, ध्रुवबिंदूकडचे तारे विषुववृत्तावरच्या ताऱ्यांपेक्षा हळू सरकतात आणि हा तारा जवळजवळ ६० अंश दक्षिणेला असल्यामुळे त्याचा वेग निम्मा पडतो, म्हणून १३५ मिमीने तीन सेकंदांचे फोटो बिनधास्त काढता येतात, फक्त ते शेकड्याने काढावे लागतात.

फोकस अगस्त्यावर करा, लाइव्ह व्ह्यू दहा पट झूम करून तारा लहानात लहान होईपर्यंत रिंग फिरवा आणि टेपने चिकटवून टाका. रॉ फॉरमॅट, आयएसओ १६००, लेन्स २.८ ची असेल तर एफ ४ वर, स्टॅबिलायझेशन बंद, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद. ट्रॅकरवर ३० सेकंदांचे १०० ते १२० फोटो. मग सगळ्यात महत्त्वाचं, ५ सेकंदांचे वीस-तीस वेगळे काढा, लांब एक्स्पोजरमध्ये ईटा जळून पांढरी होते आणि मग तिचा रंग नंतर कशानेही परत येत नाही.

समुद्राजवळ लेन्सवर दव आणि खार दोन्ही बसतात. यूएसबीवर चालणारा डय़ू हीटर लेन्सभोवती बांधा. पुसताना आधी ब्लोअरने हवा मारा, सरळ कापड फिरवलं तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. एसी गाडीतून कॅमेरा काढताना बॅगेतच थोडा वेळ राहू द्या. आपल्या रात्री उबदार असतात त्यामुळे सेन्सर तापतो, म्हणून तिथून निघायच्या आधी लेन्सला टोपण लावून त्याच सेटिंगचे वीसेक डार्क फ्रेम, म्हणजे सेन्सरचा नॉइज नंतर वजा करायला लागणारे काळे फोटो, काढाच. फ्लॅटसाठी, म्हणजे कडांचा काळसरपणा आणि धुळीचे डाग काढायला लागणाऱ्या फोटोंसाठी, लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून समोर टॅबचा पांढरा स्क्रीन धरला की झालं.

घरी आल्यावर

सॉफ्टवेअर सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर, दोन्ही फुकट आहेत. स्टॅक करून, म्हणजे सगळे फोटो जुळवून त्यांचा एक करून, आधी बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन करा, म्हणजे आकाशाचा नको असलेला उजेड काढून टाका, क्षितिजाकडची खालची बाजू उजळ आलेली असणारच. १५ अंशांवर प्रकाश डोक्यावरच्या तुलनेत जवळपास चार पट हवेतून येतो आणि निळा रंग जास्त गाळला जातो, म्हणून रंग अंदाजाने ओढू नका, सिरिलमधलं फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन ताऱ्यांच्या माहीत असलेल्या रंगांवरून हिशेब जुळवतं. हायड्रोजनचा लाल प्रकाश साध्या कॅमेऱ्याचा फिल्टर बराच अडवतो, तरी हा तेजोमेघ इतका तेजस्वी आहे की गुलाबीसर येतोच, त्याला भडक लाल करायचा मोह आवरा. शेवटी ५ सेकंदांचा स्टॅक वरच्या लेयरवर ठेवून फक्त मध्यभाग मास्कने मिसळा. कीहोल, म्हणजे तेजोमेघाच्या मध्यातली किल्लीच्या भोकासारखी काळी खाच, आणि तिच्या शेजारी नारिंगी ईटा, दोन्ही वेगवेगळं दिसलं की फोटो जमला समजा. होमंक्युलस स्वतंत्र बघायचा असेल तर मोठी दुर्बीण, हजार मिमीच्या वर फोकल लेंथ आणि स्थिर हवा लागते, त्याच्या मागे दुसऱ्या वर्षी लागा.