अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर घरी बुरशीसंसर्ग कसा टाळावा

फळे सोलून द्यावीत, उघड्यावरचे खाऊ नये आणि बाहेर पडताना एन-९५ मास्क लावावा, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलेच असते.

घराची तयारी मात्र पुष्कळ कुटुंबे नेमकी उलटी करतात. रुग्ण घरी येणार म्हणून उत्साहाने भिंती खरवडून रंगकाम काढले जाते. प्रत्यारोपण विभागातील परिचारिका म्हणून मी नातेवाइकांना निक्षून सांगते, की हे काम रुग्ण यायच्या बऱ्याच आधी उरकावे, नाहीतर सरळ पुढे ढकलावे. ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू धुळीबरोबर हवेत उडतात आणि अवघे २ ते ३ मायक्रॉनचे असल्याने थेट फुफ्फुसात पोहोचतात. शेजारच्या फ्लॅटमध्ये फरशी फोडत असतील, तर खिडक्या बंद ठेवून दाराखालच्या फटीत ओले फडके दाबावे. केरसुणी मारू नये. रुग्ण दुसऱ्या खोलीत असताना ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

ओल आलेल्या भिंतीवर नुसता रंग मारल्याने काळे ठिपके झाकतात, बुरशी जात नाही. आधी गळती काढावी, आणि तोवर त्या खोलीत रुग्णाला झोपवू नये. कूलर, कुंड्या व फुलदाण्या खोलीबाहेर न्याव्यात, तुळशीला पाणी घरातील दुसऱ्या कुणी घालावे. धूप-कापराने हवा शुद्ध होते हा सल्ला ऐकू नये. तो धूर फुफ्फुसाला त्रासच देतो.

बुरशीविरोधी गोळ्या चव गेली म्हणून परस्पर बंद करू नयेत. पोसाकोनाझोलची गोळी अखंड गिळावी, शक्यतो जेवणाबरोबर. व्होरिकोनाझोल मात्र जेवणाच्या एक तास आधी किंवा नंतर घ्यावे. या गोळ्यांमुळे रक्तातील टॅक्रोलिमसची, म्हणजे दात्याच्या पेशींना आवर घालणाऱ्या औषधाची, पातळी वाढते, त्यामुळे डॉक्टर त्याचा डोस कमी करून ठेवतात. गोळी अचानक थांबली, तर ही पातळी घसरते आणि दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून गोळी उलटून पडली, तरी विभागाला फोन करावा.

स्टिरॉइड चालू असल्यास साखर ठरवून दिल्याप्रमाणे तपासावी, कारण वाढलेल्या साखरेवर म्युकर ही बुरशी फोफावते. ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला, एका बाजूचा चेहरा दुखू लागला, नाकात काळी खपली दिसली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.