जलरंगाचं चित्र फ्रेमला देताना

साताऱ्यात पावसाळ्यात भिंतींना ओल धरतेच. म्हणून जलरंगातलं चित्र फ्रेमला देताना आधी बजावून सांगा: काच कागदाला टेकता कामा नये. माझं कासच्या फुलांचं चित्र असंच काचेला चिकटलं. सोडवताना जांभळ्या रंगासकट कागदाचा पापुद्रा काचेवरच राहिला. अजून हळहळ वाटते.

काच आणि चित्राच्या मध्ये आम्लविरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, घाला. तीन बाजूंना २ इंच, खाली अडीच, म्हणजे चित्र खाली घसरल्यासारखं दिसत नाही. चित्र फक्त वरच्या कडेला चिकटवा. दमट हवेत कागद फुगतो, त्याला जागा हवी. सेलोटेप अजिबात नको, ती पिवळी पडून डाग धरते. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंतीलगत हवा खेळती राहते. फ्रेमच्या पट्टीचा रंग मग निवांत निवडा.